रंग निवडण्याआधी

सातारा-सांगलीकडच्या मुलांना रंगांचे पहिले नियम भेटतात ते एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीत. संकल्पचित्राचा आकार आखायचा, पाकळ्या बसवायच्या आणि पोस्टर कलर सपाट, डाग न पडू देता भरायचा. इंटरमिजिएटपर्यंत रंगचक्र, उष्ण-शीत रंगसंगती, विरोधी रंग तोंडपाठ होतात. हात बसतो, हे या परीक्षांचं मोठं देणं. निवड मात्र त्यातून क्वचितच येते, कारण कुठली रंगसंगती चालते हे मुलांनी जुन्या उत्तरपत्रिका पाहून आधीच ठरवलेलं असतं.

पुढे डिझाइन शिकायला गेलं की समोर संगणकाचा पडदा, त्यावर १ कोटी ६७ लाख रंग. शाळेत पिवळा आणि निळा मिळून हिरवा झाला होता. इथे तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा होतो. पडद्यावरचा झळझळीत हिरवा फ्लेक्सवर मळकट उतरतो. पडदा प्रकाशाची बेरीज करतो, शाई प्रकाश शोषून घेते. एवढं कुणी सांगितलं नाही, तर मूल स्वतःच्या नजरेला दोष देत बसतं.

ती नजर घडवायची कशी? पॅरिसच्या विणकामाच्या गोबेलँ कारखान्यात काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी शोध घेतला, तेव्हा दोष रंगाचा नव्हता, शेजारच्या रंगाचा होता. त्यांचं पुस्तक १८३९ साली आलं. कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स यांनी पुढे यावरच सगळा अभ्यासक्रम उभा केला: आधी रंगीत कागद शेजारी ठेवून बघा, नियम नंतर.

आपल्याकडे याला विकतचे कागदही लागत नाहीत. सांगलीच्या बाजारातलं हळकुंड बाहेरून मातकट, मोडलं की आत गर्द केशरी, दळलं की पिवळं, चुना लागला की तांबडं. बेदाण्याचा हिरवट पिवळा आणखी वेगळा. या पाचही छटा डब्यातल्या रंगांतून जुळवायला सांगा. 'पिवळा' हा शब्द किती तोकडा आहे ते मुलाला आपोआप उमगतं. कासच्या पठारावर सप्टेंबरात तेरड्याचा गुलाबी ओल्या काळ्या कातळाशेजारी पेटतो, तोच पांढऱ्या गेंदाच्या ताटव्यात मऊ होतो. हे पाहायला वर्गाने एक सहल काढावीच.

आणि रंगाआधी उजेड-अंधार. चित्र कृष्णधवल करून पाहिलं आणि अक्षरं पार्श्वभूमीत बुडाली, तर रंग कितीही गोड असोत, निवड चुकली. माझ्या मते पहिले सहा महिने एवढंच शिकवावं. त्याचा आणखी एक उपयोग रंगांध मुलांना होतो. पुढे उद्योजक झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली चित्रकार व्हायला जे. जे. कलाशाळेत गेले; रंगांधत्वामुळे त्यांना रंग सोडावे लागले. ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले आणि १९१० साली त्यांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली.

लक्ष्मणरावांना दुसरी वाट सापडली. आजच्या रंगांध मुलाला रंगांची वाटही सोडावी लागू नये, कारण उजेड-अंधाराची समज त्याला पुष्कळ दूर नेते. म्हणून कलाशिक्षकांना विनंती आहे: रंगपेटी उघडण्याआधी प्रत्येक मुलाला रंगांधत्व ओळखणाऱ्या इशिहारांच्या ठिपक्यांच्या तबकड्या दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.