दोन हजारांची यादी उघड, लाखांची कुठे?
(लेखमाला : सरकारी पैशाचा माग – भाग ४)

अनुदान तिजोरीतून थेट बँक खात्यात कसं पोचतं, ते मागच्या भागात पाहिलं. आता पुढचा प्रश्न : ते कुणाच्या खात्यात गेलं, हे तुम्हाआम्हाला कळतं का?

पीएम-किसानपुरतं उत्तर 'हो, पण अर्धवट' असं आहे. डिसेंबर २०१८पासून लागू असलेल्या या योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे आणखी ६,००० त्यात आले. केंद्राच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा, हवेली तालुका आणि गाव निवडलं, की लाभार्थ्यांची यादी उघडते. तिच्यात नाव दिसतं, स्त्री की पुरुष तेही दिसतं. गट नंबर नाही, क्षेत्र नाही. गावात मात्र तेवढंही पुरतं. यादीतला कोण निवृत्त मास्तर आहे आणि कुणाचा शहरात दवाखाना आहे, हे पारावर सगळ्यांना पाठ असतं.

सरकारला ते ठाऊक नव्हतं, असं म्हणणं अवघड आहे. प्राप्तिकर भरणारे, दरमहा १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे (चतुर्थश्रेणी सोडून), डॉक्टर, वकील हे सगळे योजनेतून वगळलेले आहेत. तरीही जुलै २०२०पर्यंत २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेल्याचं केंद्रानेच माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं. त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. महाराष्ट्रातले अपात्र सुमारे २.८६ लाख. म्हणजे एका खात्याला कर भरणारा माणूस दुसऱ्या खात्याकडून गरीब शेतकरी म्हणून हप्ता घेत होता, आणि दोन्ही खाती दिल्लीचीच! मग तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या.

पण खरी गोम पुढे आहे. दोन हजारांच्या हप्त्याची यादी घरबसल्या दिसते; ट्रॅक्टर, पॅकहाउस, शीतगृह अशा मोठ्या रकमांचं अनुदान गावनिहाय, नाव आणि रकमेसह तितक्याच सहज एका जागी सापडत नाही. खतांचं अनुदान तर पीएम-किसानच्या दुपटीहून मोठं आहे. ते कंपन्यांना जातं आणि गोणीच्या किमतीत विरघळतं. तिथे लाभार्थी कोण, हा प्रश्न विचारायचा कुणाला?

शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं जाहीर करावीत का, हा वाद युरोपातही झाला. जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या दाव्यात २०१०मध्ये युरोपीय न्यायालयाने व्यक्तींची नावं सरसकट छापण्याची तरतूद रद्द केली. लहान-मोठा असा भेद न करता सगळ्यांचीच नावं देणं न्यायालयाला जास्तीचं वाटलं. २०१३च्या नव्या नियमांनी यादी परत आणली, पण वर्षाला सुमारे १,२५० युरोपर्यंतच्या लाभार्थ्यांची नावं झाकून. मला हा मार्ग रास्त वाटतो. लहान्याला आडोसा, मोठ्याचा हिशेब चव्हाट्यावर. आपण नेमकं उलट करून बसलो आहोत.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख)(१२) सांगतं, की अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी कुणी न मागताच जाहीर करावा. २०२३च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने कलम ८ बदलून खासगी माहितीचा दरवाजा अरुंद केला, हे खरं. पण कलम ४ला हात लावलेला नाही. अर्ज नाकारणारा अधिकारी कलम ८ दाखवेल, तेव्हा आपण ४ दाखवावं.

पुणे महापालिकेत सुरू झालेली, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत २०१८मध्ये राज्यातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांनाही लागू झाली. तेव्हा येत्या सोमवारी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, एका योजनेचं आणि एका वर्षाचं नाव सांगा आणि रकमेसकट यादी मागा.