अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दात

"डॉक्टर, वर्ष झालं तरी बाळाला दात नाही," अशी तक्रार घेऊन वसमत परिसरातील आया माझ्याकडे येतात. त्यातली काही बाळे सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली असतात. अशा बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ वर्षाचे झाले, तरी दातांच्या हिशेबाने ते दहाच महिन्यांचे असते. तेव्हा थोड्या उशिराने घाबरू नये.

काळजी हवी ती इनॅमलची, म्हणजे दातावरील कठीण आवरणाची. दुधाच्या दातांचे हे आवरण गर्भातच तयार होऊ लागते. त्यासाठी लागणारे कॅल्शियम व फॉस्फरस आईकडून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. बाळ आधीच जन्मले की हा पुरवठा तुटतो. मग काही मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग किंवा खड्डे दिसतात. असे दात लवकर किडतात आणि गेलेले आवरण पुन्हा येत नाही.

पहिला दात दिसताच मऊ ब्रशने, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन दिवसातून दोनदा दात घासावेत. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. डाग दिसल्यास लगेच दंतवैद्याला दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची मोफत तपासणी होते, त्यात दातांची कीडही पाहतात. बाळ किती आठवड्यांचे जन्मले, हे तिथे जरूर सांगावे.

'दुधाचे दात, पडणारच' म्हणून दुर्लक्ष करू नका. दात दुखला की मूल जेवत नाही, आणि या मुलांचे वजन आधीच कमी असते.