सुलतानाचे स्वप्न आणि शाळेची बंद गाडी

औंढा नागनाथाला गेले की फिरलेल्या देवळाची गोष्ट कानावर पडतेच. समोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे जायला सांगितले, ते निमूटपणे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले! त्याच औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारायला २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. आख्यायिका आणि विज्ञान असे शेजारी आले की मला रोकेया सखावत हुसेन आठवतात. मागे बसवलेल्या या बाईंनी १९०५ मध्ये कागदावर सगळे जगच फिरवले होते.

जन्म १८८० चा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरजवळच्या पायराबंदचा. पाचव्या वर्षापासून पडदा, तोही परक्या बायकांपासूनसुद्धा! मुलींनी बंगाली, इंग्रजी शिकायचे नाही असा घरचा शिरस्ता. थोरला भाऊ रात्री सारे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात शिकवी. त्याच इंग्रजीत लिहिलेली ‘सुलतानाज् ड्रीम’ ही विज्ञानकथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली.

कथेत पुरुष घरात कोंडलेले आणि राज्यकारभार बायकांकडे. वाचताना हसू येते. मला मात्र तिथले विज्ञान अधिक मोलाचे वाटते. ज्यूल व्हर्नची माणसे चंद्राकडे निघाली होती. रोकेयांच्या बायका आधी पाणी आणि चूल बघतात. एका विद्यापीठातल्या बायका फुग्याला नळ्या जोडून ढगांतले पाणी हवे तेवढे उतरवून घेतात. दुसऱ्या विद्यापीठातल्या सूर्याची उष्णता साठवतात. स्वयंपाक तिच्यावरच, धुराचे नाव नाही. शत्रू चालून येतो तेव्हा तीच उष्णता त्याच्यावर सोडली जाते. लांबून हंडे वाहून आणणाऱ्या मराठवाड्यातल्या बाईला त्या फुग्याचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी ‘पालखीचा गोंडा’त स्त्रियांच्या कारभाराचे राज्य रंगवले ते १९२८ मध्ये. रोकेयांची कथा २०२४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिनोंदीतही गेली.

त्या स्वतः मात्र स्वप्नात रमल्या नाहीत. पतीच्या निधनानंतर १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात आठ मुलींची शाळा काढली. मुली मिळवायला दारोदार हिंडल्या. कथेत बायका हवेतून गाडीने जातात. शाळेची मोटारबस मात्र चारी बाजूंनी अशी बंद की आत काळोख आणि उकाडा. मुलींना चक्कर येई, उलट्या होत. म्हणून झडपा काढून पडदे लावले, तर लोकांची रागाची पत्रे आली: वाऱ्याने पडदे उडतात!