एचटीटीपीक्लायंट बंद केला, तरी कनेक्शन का संपतात?

डॉट नेटमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामला दुसऱ्या सर्व्हरकडून काही मागवायचं असेल, समजा पेमेंट झालं की नाही हे विचारायचं असेल, तर 'एचटीटीपीक्लायंट' हा क्लास वापरतात. काम झालं की ऑब्जेक्ट मोकळा करायचा, ही प्रोग्रामरला लागलेली चांगली सवय. त्यामुळे दर विनंतीला नवा क्लायंट बनवायचा आणि 'यूझिंग' ब्लॉकमध्ये तो संपवायचा, असं सर्रास केलं जातं. इथे नेमकी हीच सवय अंगाशी येते.

क्लायंट संपला, तरी त्याखालचं टीसीपी कनेक्शन लगेच सुटत नाही. वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम ते 'टाइम-वेट' अवस्थेत काही काळ अडवून ठेवते. लिनक्सवर साधारण ६० सेकंद. चाचणीत दहा-वीस विनंत्या जातात, तेव्हा काही जाणवत नाही. खरी गर्दी झाली की मोकळे पोर्ट संपतात आणि नव्या विनंत्या अडतात.

मग एकच क्लायंट कायम ठेवला तर? पोर्ट वाचतात, पण उघडं कनेक्शन जुन्याच आयपी पत्त्याला चिकटून राहतं. समोरच्याने डीएनएसमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला, तरी प्रोग्रामला त्याचा पत्ताच नसतो!

यावर २०१८ मध्ये डॉट नेट कोअर २.१ सोबत 'आयएचटीटीपीक्लायंटफॅक्टरी' आली. ती डिपेंडन्सी इंजेक्शनवर चालते. म्हणजे क्लासने लागणारी वस्तू स्वतः बनवायची नाही, कन्स्ट्रक्टरमध्ये मागायची. कंटेनर ती आणून देतो. प्रोग्राम सुरू होताना 'ॲडएचटीटीपीक्लायंट' लिहून मूळ पत्ता, हेडर आणि टाइमआउट एकदाच ठरवायचे. टाइमआउट जरूर ठरवावा. न ठरवल्यास तो १०० सेकंद असतो, आणि पैसे भरून बसलेल्या ग्राहकासाठी तो फारच आहे.

फॅक्टरी दर वेळी नवा क्लायंट देते. पण कनेक्शन सांभाळणारा आतला हँडलर ती पुन्हापुन्हा वापरते आणि न सांगता दोन मिनिटांनी बदलते. त्यामुळे पोर्ट संपत नाहीत, नवा पत्ताही कळतो.

एक खोच मात्र राहते. असा क्लायंट सिंगलटन सेवेत धरून ठेवला, तर हँडलर बदलण्याचा उपयोगच होत नाही. अशा ठिकाणी 'सॉकेट्सएचटीटीपीहँडलर'मध्ये 'पूल्डकनेक्शनलाइफटाइम' ठरवून द्यावा.