मतपेटी दारी येते तो दिवस

सकाळी ७ : एप्रिल २०२४. मोहाडी तालुक्यातल्या करडीत ऊन तापायच्या आत निघायला हवं. मी अंगणवाडी सेविका आणि आमच्या भागाची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. लोकसभेचं मतदान १९ तारखेला. त्याआधी ८५ पार केलेल्यांचं आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांचं मत घरी घ्यायचं. ज्यांनी घरून टपाली मतदानासाठी १२-ड अर्ज भरले, त्यांचीच ही यादी.

९ : पथक येतं. मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला.

९.३० : पहिल्या घरी आजी खाटेवर बसूनच आहेत. ओळखपत्र तपासतात, घोषणापत्रावर अंगठा घेतात, मग पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात.
"नातवाले जवळ राहू द्या ना, बाई."
"तो बाहेर थांबेल, आजी. मत तुमचं आहे."
मतपत्रिका लहान पाकिटात, ते घोषणापत्रासह मोठ्या पाकिटात आणि मग पेटीत.

११ : अंध मतदार. सोबती ते स्वतः निवडतात. तो १८ वर्षांचा हवा आणि गुप्ततेची हमी त्याने द्यायची. पथकातलं कुणी त्यांच्यासाठी खूण करत नाही.

१२.३० : घराला कुलूप. मतदार दवाखान्यात. पथक आणखी एकदाच येईल. तेव्हाही भेट झाली नाही तर मत गेलं, कारण टपाली मतदान मागितलेल्याला केंद्रावर मतदान करता येत नाही. हा नियम सैल व्हायला हवा.

२ : जेवताना पोरं विचारतात, मोबाईलवर मत का नाही? एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मत देता येतं. पुढे २८ जून २०२५ ला बिहारच्या नगरपालिका निवडणुकीतही मोबाईलवर मतदान झालं. पोट भरायला परगावी गेलेल्यांना त्याचा मोठा आधार होईल. पण आजींच्या घरी फोन नातवाचा, ओटीपीही तोच वाचणार. मग पुठ्ठ्याचा आडोसा कोण धरणार? मत घरी पोचणं आणि ते गुप्त राहणं, दोन्ही साधलं तरच तो न्याय.

५ : पेटी पोलीस बंदोबस्तात रवाना होते. मी यादीवर खुणा करते.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-ड अर्ज बीएलओकडे द्या. सहाव्या दिवशी तो घेतला जात नाही.