पेटीतले फोटो आहेत, मोबाइलमधले कुठे गेले?

एक काम करा. आज घरी गेलात की आईला विचारा, ‘जुने फोटो कुठे आहेत?’ पत्र्याची पेटी निघेल, तिच्यात पिशवीत गुंडाळलेला अल्बम. आजोबा, त्यांची बैलजोडी, आत्याचं लग्न, सगळं सापडेल. आता दुसरा प्रश्न विचारा. 2010 च्या यात्रेतले फोटो कुठे आहेत?

बऱ्याच घरांत इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमच्या अवसरी बुद्रुकला हे जरा जास्तच टोचतं. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली आणि आंबेगाव-जुन्नरचे घाट सुने पडले. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये कोर्टाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. बारी पुन्हा सुटली. पण तोवर जुने बैल राहिले नव्हते. बंदीआधीची ती वर्षं नेमकी अशी होती की रोलचा कॅमेरा माळ्यावर गेला होता आणि हातात नवा मोबाइल आला होता. फोटो मेमरी कार्डात राहिले. मग कार्ड उघडेना. तेव्हा आमच्या दावणीला असलेल्या खिलाराचा एकही फोटो आज घरात नाही. त्याच्या कितीतरी आधीच्या जोडीचा मात्र आहे, काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला.

सध्या कॉलेजात फिल्म कॅमेऱ्याची पुन्हा हवा आहे. पेंटॅक्ससारख्या कंपनीने 2024 मध्ये नवा रोलचा कॅमेरा आणला. एका रोलवर 72 फोटो, कारण प्रत्येक फोटो अर्ध्या चौकटीत बसतो. मग तुम्ही काय घ्यायचं?

आधी हिशेब
रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून समजा दीड हजार रुपये गेले. 36 ने भागा. एका क्लिकला चाळीसेक रुपये! तुमच्या लॅबचा भाव विचारून हा हिशेब स्वतः करा. रोजच्या फोटोंना हे परवडणार नाही, हे मान्यच करू. शिवाय रोल धुऊन येईपर्यंत फोटो आलाय की नाही, तेही कळत नाही.

घाटात डिजिटलच
बारी काही सेकंदांत संपते. पुढे घोडी, मागे बैल, वर भंडारा. बऱ्याच मोबाइलवर बटण दाबून धरलं की भराभर फोटो निघतात, त्यातला एक तरी साधतो. फक्त एक सांभाळा. भर उन्हात पांढरा खिलार मोबाइलमध्ये नुसता पांढरा ठिपका होतो. स्क्रीनवर बैलावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. अंधारलेला डिजिटल फोटो नंतर उजळता येतो, पांढरा पडलेला परत आणता येत नाही.

गोठ्यात फिल्म
रंगीत निगेटिव्हचं याच्या बरोबर उलटं आहे. तिला जास्त उजेड चालतो, कमी उजेड सोसत नाही. आजी ओट्यावर निवांत बसलीय, आजोबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवतायत, असे फोटो रोलवर छान येतात. मोजकेच फोटो शिल्लक असले की आपण आधी नीट बघतो, मग बटण दाबतो. उन्हात मीटर नसला तरी चालतं. छिद्र एफ 16 वर ठेवा आणि 200 च्या रोलला शटर 1/200 च्या जवळपास.

नवा कॅमेरा घ्यायची घाई नको. आधी माळा शोधा. बडोद्यात बनलेला आग्फाचा ‘क्लिक थ्री’ सापडला तर नशीब समजा. त्याला लागणारा 120 चा रोल आजही मिळतो, फोटो बारा निघतात. आधी एकच रोल घालून बघा. उजेड आत शिरत असेल तर लगेच कळेल.

पण खरा प्रश्न वेगळाच
आमच्या पेटीतला तो फोटो फिल्ममुळे टिकला असं मला वाटायचं. तसं नाही. त्याची प्रिंट काढली होती म्हणून तो टिकला. निगेटिव्ह कुठे गेली, घरात कुणालाच माहीत नाही. आणि आज रोल धुऊन स्कॅन फक्त मोबाइलवर मागवलात, निगेटिव्ह लॅबमध्येच सोडलीत, तर तुमचंही पुन्हा 2010 च होणार.

म्हणून कॅमेरा कुठलाही घ्या. निगेटिव्ह मागून आणा, कोरड्या जागी ठेवा. डिजिटल फोटोंची एक प्रत मोबाइलबाहेर हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन ठेवा. आणि यात्रा झाली की मंचरला एखाद्या स्टुडिओत जाऊन दहा प्रिंट काढा. दहाच.

मागच्या बाजूला तारीख लिहा, माणसांची नावं लिहा, बैलाचंही लिहा. आमच्या त्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या जोडीची नावं आता फक्त आजीला आठवतात. या रविवारी मी पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसणार आहे.