शेवटच्या अक्षरात माणूस

सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला: उंच, साधी, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय न राहणारी. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची जी राजधानी त्याने वर्णिली, ती नाशिकच असं काही इतिहासकार मानतात. आजची चिनी तरुण मंडळी इंटरनेटवर माणसाचं वर्णन करायचं हेच काम दोन-तीन अक्षरांत उरकतात. नाशिकमध्ये घरी बसून चिनी शिकणाऱ्याला ही बोली पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते, पण तिची घडण एकदा कळली की नवा शब्दही ओळखता येतो.

शब्द डोळ्यांसमोर आला की आधी शेवटचं अक्षर पाहा. चुगलखोर, भांडखोर यांतल्या 'खोर'सारखं तेच माणसाची जात सांगतं.

सगळ्यात रंगतदार शेवट 'चिंग'चा. ह्युएनत्संगच्या प्रवासावर सोळाव्या शतकात 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी रचली गेली. त्यात भिक्षूला गिळायला टपलेले, माणसाचं रूप घेतलेले मायावी जीव आहेत, ते हे चिंग. आता हेच अक्षर एखादी खोड हाडीमाशी भिनलेल्या माणसाला लागतं. शी म्हणजे नाटक, म्हणून शी-चिंग हा सतत नाटकं करणारा. निंग-मंग म्हणजे लिंबू. दुसऱ्याचं चांगलं पाहून आंबट होणारा तो निंग-मंग-चिंग. आणि कांग-चिंग म्हणजे उगाच फाटे फोडणारा. तुम्ही लिहिलंत, "आज नाशिकला छान पाऊस झाला," की तो लगेच विचारणार, "मग गंगापूर धरण भरलं का?" शांघायचं एक भाषाविषयक मासिक दरवर्षी दहा गाजलेले शब्द निवडतं, 2018 च्या यादीत कांग-चिंग होता.

'चू' म्हणजे जमात. फोनमध्ये मान घालून चालणारे ती-थोउ-चू, म्हणजे मान खाली घातलेली जमात. महिनाअखेर खिसा रिकामा करणारे युए-क्वांग-चू. इथे 'क्वांग'चा अर्थ संपलेलं. अभ्यासात सगळ्यांना मागे टाकणारा श्वे-पा, म्हणजे अभ्यासातला दादा. उलट जो, तो श्वे-चा, म्हणजे अभ्यासातला गाळ.

उच्चारात मराठी माणसाला मोठा आधार आहे, आणि तो वाया घालवू नये. रोमन लिपीतला चिनी 'बी' खरं तर आपल्या 'प'च्या जवळ असतो, 'डी' आपल्या 'त'च्या आणि 'जी' आपल्या 'क'च्या. हवेचा झोत सोडून म्हटले जाणारे थ आणि ख आपल्या जिभेवर आधीच आहेत. 'चिंग'मधला च चिंचेतला, तर 'चू'मधला च चुलीतला; हा फरक आपण लहानपणापासून करतो. म्हणून शब्द वहीत देवनागरीतच लिहावेत. चिनीतले चार सूर मात्र कानांनीच शिकायचे, तिथे लिपी पुरत नाही.

ऐकायचं कुठे? 29 जून 2020 रोजी भारताने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट आणि वेइबो दोन्ही गेले. यूट्यूबवरच्या चिनी मालिका उरल्या, आणि त्या पुरेशा आहेत. बहुतेकींत खाली चिनी अक्षरं उमटतात. थांबवून अक्षर पाहायचं, प्लेको या शब्दकोशात अर्थ शोधायचा आणि कोण कोणाला म्हणालं तेही टिपायचं.

कारण खरी अडचण तिथेच आहे. छ-ह्वो म्हणजे खादाड, पण प्रेमाने. मिसळीच्या फोटोखाली मैत्रिणीला ते खुशाल लिहा. तान-शन-कोउ, म्हणजे 'एकटं कुत्रं', हे अविवाहित माणूस स्वतःबद्दल हसून म्हणतो. तुम्ही त्याला म्हणालात तर ते झोंबू शकतं. शंग-न्यु, म्हणजे लग्नावाचून 'उरलेली बाई', हा शब्द 2007 मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नव्या शब्दांच्या यादीत आला, म्हणून तो सभ्य ठरत नाही. वाचताना कळावा एवढ्यासाठी तो शिका. कोणाही बाईसाठी वापरू नका.